'वीरपत्नी' म्हणाला आणि मी भुलले

फोनवरच्या फसवणुकीत माझे एकूण 2,06,419 रुपये गेले. आधी आकडा सांगते, कारण नातेवाईक "थोडेफार गेले असतील" म्हणतात आणि मला ते जास्त लागतं.

आमचे हे मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून रिटायर झाले. ऑगस्टमध्ये पहाटे घरीच अटॅक आला, सातारच्या दवाखान्यापर्यंतसुद्धा पोचलो नाही. फॅमिली पेन्शन माझ्या नावावर करायची तर अडलं कुठं? रेकॉर्डला माझ्या नावापुढे 'बाई' आहे, आधारवर नाही. तेवढ्या 'बाई'पायी दोन महिने हेलपाटे घातले. शेवटी पुतण्याने ह्यांच्या पीपीओचा, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या कागदाचा, फोटो माजी सैनिकांच्या कुठल्याशा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला, "मार्गदर्शन करा" म्हणून. पीपीओ नंबर, बँक, माझं नाव, सगळं त्यात. पोराला काय बोलणार, मीच सांगितलं होतं टाक म्हणून.

चौथ्या दिवशी फोन. "नमस्कार वीरपत्नी ताई, पेन्शन ऑफिसातून बोलतोय."

इथंच. इथंच मला कळायला हवं होतं. वीरपत्नी कुणाला म्हणतात हे पलटणीतल्या पोराटोरालाही ठाऊक असतं. माझा नवरा सीमेवर नाही गेला हो, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात गेला, हातात पाण्याचा तांब्या होता. पलटणीच्या रेकॉर्डाशी संबंध असलेला माणूस असा शब्द वापरणारच नाही, तो आधी आर्मी नंबर विचारेल. सव्वीस वर्षं फौजीच्या घरात काढली मी, हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. पण दोन महिने प्रत्येक टेबलावर "मावशी, उद्या या" ऐकलेल्या बाईला कुणीतरी वीरपत्नी म्हणालं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. मी त्याला दुरुस्त केलं नाही.

त्याने ते बरोबर ओळखलं. म्हणाला, तुमची फाईल साध्या पेन्शनमधून काढून स्पेशलला टाकतो, शेवटच्या पगाराच्या 60 टक्के बसेल. स्पेशल पेन्शन मरण नोकरीमुळे आलं असेल तरच लागते, घरी गेलेल्या पेन्शनरच्या बायकोला साधीच मिळते. साधीचा वाढीव दर 50 टक्के, तोही सात वर्षं किंवा ह्यांचं वय 67 झालं असतं तोवर, जे आधी होईल ते. मग 30 टक्के. हे मला नंतर कळलं. नावाच्या दुरुस्तीचे म्हणून 2,500 घेतले. मग धमकी: मृत्यूनंतर दोन महिने साहेबांची पेन्शन जमा झालीय, ती सरकारला परत करा, नाहीतर केस होईल. 27,460 प्रमाणे 54,920. जमा खरंच झाली होती, म्हणून मी घाबरले. पाठवले. अशी जादा रक्कम खात्यातून किंवा पुढच्या थकबाकीतून रीतसर वळती होते, कुणाच्या फोनपेवर भरायची नसते. ज्याच्या नावावर गेले ते नाव सरकारचं नव्हतं, एका माणसाचं होतं. स्क्रीनवर दिसत होतं. मी वाचलं आणि हिरवं बटण दाबलं.

शेवटी 'हयातीचा दाखला' म्हणून एक फाईल आली. इन्स्टॉल केली, एक रुपया भरायला कार्डाचे आकडे आणि पिन टाकला. जेवायला बसले तोवर 99,999 गेले, मग 49,000. ओटीपी मी कुणालाही सांगितला नाही. त्या अ‍ॅपने माझे मेसेज परस्पर वाचले. ह्यात माझा काय गुन्हा?

बँकेत साहेब मान वर न करता म्हणाले, "ओटीपीशिवाय जात नाही, तुम्हीच दिला असणार." चुकी ग्राहकाची असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, हा नियम मात्र तोंडपाठ. पोलीस ठाण्यात अडीच तास बाकावर. मग "हे सायबरकडे जिल्ह्याला". जिल्ह्याला गेले तर "आधी तुमच्या ठाण्यातून आणा". एक हवालदार हसून म्हणाला, "फौजीच्या घरात असून फसलात?" त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटली. 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, लगेच फोन करायचा असतो, हे मला तिसऱ्या दिवशी सांगितलं, तेही चहावाल्याने! तोवर पैसा पाच खात्यांतून फिरून गेलेला. 11,200 रुपये कुठल्याशा खात्यात अडकवून ठेवलेत, ते कोर्टाच्या आदेशाशिवाय मिळणार नाहीत असं मला तेव्हा सांगितलं.

बायांनो, पीपीओ ग्रुपवर टाकू नका. मृत्यूचा दाखला मिळाला की लगेच बँकेला कळवा, मी केला तसा उशीर करू नका, त्या दोन महिन्यांनीच मला गळाला लावलं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात स्वतः जा, फी लागत नाही. हयातीचा दाखला कुणी फोनवर मागत नाही. आणि सुनेला, मुलाला विचारल्याशिवाय काही दाबू नका. मी लाजेपोटी विचारलं नाही.

परवा पुन्हा फोन आला, सायबर सेलमधून म्हणे, गेलेले पैसे काढून देतो, आधी 4,999 भरा. आवाज तोच वाटला. मी जे काही बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.