पर्शियन पिल्लू आणून नऊ महिने झाले : आधी लसीचं पुस्तक बघा

काल गल्लीतली एक मुलगी आली, "काकू, कापशी कुठनं आणली, तो नंबर द्या की." कापशी म्हणजे आमची पर्शियन मांजर. नंबर दिला नाही. तिला बसवून कापशीचं लसीचं पुस्तक दाखवलं. तेच इथं लिहिते.

आमचं घर वडगावात, पुढच्या खोलीत दोन माग. गेल्या नोव्हेंबरात निपाणीच्या पुढं एका ब्रीडरकडून (मांजरं पैदास करून विकणाऱ्याकडून) सेमी पंच, म्हणजे थोड्या चपट्या तोंडाचं, पिल्लू आणलं, १२,००० रुपयांना. वय अडीच महिने, पहिली लस झालेली, असं सांगितलं. पिल्लाची आई बघू म्हटलं तर "ती दुसऱ्या घरी असते" म्हणाला. तिथंच उठायला हवं होतं. पण लेकीनं पिल्लू उराशी धरलेलं, मन झालं नाही.

पुस्तकात निळ्या पेनानं एक तारीख आणि खाली गिचमिड सही, एवढंच. आमच्या डॉक्टरांनी पान उलटून पहिलाच प्रश्न केला, "स्टिकर कुठं आहे?" लस टोचली की बाटलीवरचं लेबल सोलून पुस्तकात चिकटवतात. त्यावर लसीचं नाव, बॅच नंबर, मुदत असते. शेजारी डॉक्टरांची सही-शिक्का. इथं डिंकाचा डागसुद्धा नव्हता. मग त्यांनी बोटानं पिल्लाचा ओठ वर करून दाखवला. शेवटच्या दाढा अजून हिरडीतच. दुधाचे दात साधारण आठ आठवड्यांपर्यंत सगळे येतात. म्हणजे हे पिल्लू फार तर सात आठवड्यांचं. आणि लसीची तारीख त्याच्याही पंधरा दिवस आधीची! २०१८ च्या पेट शॉप नियमांत आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायलाच मनाई आहे.

ब्रीडरला फोन केला. पैसे परत मागितले नाहीत, फक्त लसींचा खर्च द्या म्हटलं. "तुमच्या डॉक्टरला काय कळतंय?" म्हणाला आणि दोन दिवसांनी नंबर ब्लॉक केला. आईच्या दुधातून मिळालेली ताकद पिल्लाच्या अंगात असेपर्यंत लस नीट लागू पडत नाही, म्हणून आठव्या आठवड्यापासून सोळाव्यापर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी डोस द्यावा लागतो. तीन डोस आणि रेबीजची वेगळी, मिळून २,६०० रुपये गेले. बारा हजार देताना काही वाटलं नाही, पण हे २,६०० अजून सलतात. ते लस न टोचता लस लिहिणाऱ्यामुळं गेले.

तेव्हा मी भेटेल त्याला सांगत होते, जातिवंत मांजर घेऊ नका. ते आता मागं घेते. केस मागाच्या ताण्यात, म्हणजे उभ्या सुतात, जातील ही धास्ती होती. रोज संध्याकाळी पोलादी फणीनं विंचरते, नऊ महिन्यांत एकदाही सूत खराब झालं नाही. माग सुरू झाला की कापशी त्याच्याखाली जाऊन झोपते, खटखटाटात! शेजारच्या कन्नड अज्जीनं लळा लावलाय; आम्ही "ये" म्हटलं तर कान हलवते, अज्जीनं "बा" म्हटलं की धावत जाते.

डोळ्यांचं मात्र आधी कळायला हवं होतं. चपट्या तोंडामुळं अश्रूंची वाट अडते, पाणी नाकाच्या कडेनं वाहतं आणि तपकिरी ओघळ पडतो. उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवून सकाळ-संध्याकाळ पुसते, खाडा चालत नाही. सध्याच्या पावसात अंगही ओलं राहू देत नाही, लांब केसांत नायटा लपतो आणि तो माणसालाही होतो. पुन्हा घेतलं तर डॉल फेस, म्हणजे चपटं तोंड नसलेलं पर्शियन, घेईन.

त्या मुलीकडं दुसऱ्या एका ब्रीडरचा नंबर होता. माझ्यासमोरच तिनं मेसेज टाकला : पिल्लाच्या आईचा आणि स्टिकर लावलेल्या पानाचा फोटो पाठवा. पाच मिनिटांत पिल्लाचे चार फोटो आले. पानाचा आज दुपारपर्यंत आलेला नाही.