सेकंडहँड पोल घेताय? आधी वरचं टोक बघा

कोल्हापुरात पोरांना खेळात घालायचं म्हटलं की तालीम, नाहीतर फुटबॉल. लंगोट किंवा बूट विकून कोण कुणाला किती फसवणार? पोल व्हॉल्टचं, म्हणजे पोल नावाच्या लांब, वाकणाऱ्या काठीच्या आधारानं मारायच्या उंच उडीचं, तसं नाही. फायबरग्लासचा पोल बहुतेक परदेशातून येतो, इथल्या दुकानात टांगलेला दिसत नाही आणि घरात कुणाला त्यातलं कळत नाही. भामट्यांचं फावतं ते इथंच.

2025 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत देव मीणानं 5.32 मीटरची उडी मारून राष्ट्रीय विक्रम केला, तेव्हापासून आमच्या मैदानावरही या खेळाची चर्चा वाढली. माझी पोरगी त्यातच शिरली. वजन 46 किलो. सर तिला मैदानावरच्या जुन्या पोलवर शिकवत होते. मोबाइलवर एक जाहिरात दिसली: 12 फुटी पोल, 110 पौंड, नवशिक्यांसाठी, राज्य पातळीवरच्या खेळाडूनं वापरलेला. 110 पौंड म्हणजे साधारण 50 किलो, म्हणजे कागदावर अगदी बरोबर. पोलवर जो वजनाचा आकडा असतो (तो किती वजनाच्या खेळाडूसाठी आहे ते सांगणारा) तो खेळाडूच्या वजनाइतका किंवा थोडा जास्त असावा, कमी नको, हे सरांनी सांगितलेलं होतं.

माणूस गोड बोलायचा. "दादा, पोरीचं वजन वाढणारच की. थोडा कडक घेतलेला बरा, दोन वर्षं बघायला नको." गणवेश वाढत्या अंगाचा घ्यावा तसा हा हिशेब. कुठल्याही आईबापाला तो पटतो, आणि पोलच्या बाबतीत तो साफ चुकीचा आहे. "आज सांगा, उद्या सांगलीचे पाव्हणे न्यायला येतायत," हेही झालं. 28 हजार ऑनलाइन घेतले आणि पोल ट्रॅव्हल्सच्या टपावरून कावळा नाक्यावर उतरला. वरच्या टोकाला नवीकोरी पकडीची टेप गुंडाळलेली, तिच्या खाली चकचकीत स्टिकर: 12 फूट, 110.

पोरीनं छोट्या रनअपनं उडी घेतली. पोल बॉक्समध्ये, म्हणजे मॅटसमोरच्या टेकवायच्या खाचेत, बसला, थोडासा उभा झाला आणि तिथंच अडला. ती मॅटकडं जायच्या ऐवजी मागं, रनवेवर आली. सर शेजारीच होते, त्यांनी धरली म्हणून निभावलं. एरवी ती त्याच उंचीवर पकड धरून जुन्या पोलवर सहज आत जात होती.

सरांनी मग टेप उकलली. माझा मेहुणा उद्यमनगरात लेथवर काम करतो, तोही आला होता. त्यानं टोकावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "हे कंपनीचं टोक न्हवं भावजी. हॅक्सॉ मारलाय हिथं." कडेला फायबरचे बारीक कुसळ उभे होते, पॉलिश पेपर घासूनही पुरते गेले नव्हते. म्हणजे मूळचा पोल मोठा, बहुतेक 13 फुटी, जड खेळाडूचा. वरचा फूटभर कापून टाकला, आणि त्या तुकड्यासोबत कंपनीनं घातलेले आकडेही गेले. कापलेला पोल आखूड होतो तसा ताठही होतो, हे त्या विकणाऱ्याला माहीत नसेल असं मला वाटत नाही.

खात्री करायची रीत सोपी आहे. पोल दोन्ही टोकांना टेकूवर आडवा ठेवायचा, मधोमध 50 पौंडांचं, म्हणजे पावणेतेवीस किलोच्या आसपासचं वजन टांगायचं आणि तो किती सेंटिमीटर खाली वाकतो ते मोजायचं. कंपन्या 'फ्लेक्स' म्हणून जो आकडा देतात तो हाच. लांबी सारखी असेल तर आकडा जितका लहान तितका पोल कडक. आम्ही जिममधल्या प्लेट आणून मैदानावरचा 12 फुटी पोल आणि हा, दोन्ही तसेच ताणून बघितले. विकत घेतलेला पाच-सहा सेंटिमीटर कमी वाकला. 46 किलोच्या पोरीच्या हातात कुणा दांडग्या गड्याचा पोल!

सरांनी त्या दिवशी आणखी एक गोष्ट सांगितली, ती इथं मुद्दाम लिहितो. पोलवरचा वजनाचा आकडा खरा ठरतो तो वरच्या वीतभर भागात पकड असेल तरच. नवशिकी पोरं बरीच खाली धरतात, आणि जितकं खाली धराल तितका तोच पोल कडक लागतो. म्हणजे 'थोडा कडक घ्या' हा सल्ला नवशिक्याला दुहेरी मारतो. उलट फार मऊ पोलही धोक्याचा. तो नको तितका वाकतो, तुटूही शकतो. पोरं धावायला, पकड वर न्यायला शिकली की वर्षभरात पोल बदलावा लागतो. त्यामुळं सुरुवातीला स्वतःचा पोल घ्यायची घाईच नको, मैदानावरचा मागून वापरावा. आणि स्पर्धेत कुणीतरी तपासेल या भरवशावर राहू नका. आंतरराष्ट्रीय नियमात पोल कुठल्याही पदार्थाचा, कितीही लांबीचा चालतो.

घ्यायचाच झाला तर स्टिकरवर जाऊ नका. टेप काढून दाखवायला सांगा. लांबी, वजन, फ्लेक्स आणि कंपनीचा अनुक्रमांक यांचे फोटो मागा, तो अनुक्रमांक कंपनीला कळवून विचारता येतो. पोलच्या अंगावर खिळ्यांच्या बुटांचे ओरखडे किंवा खोक असेल तर फुकट दिला तरी नको. आणि प्रशिक्षकानं पोल हातात घेऊन बघितल्याशिवाय पैसे सोडू नका.

मी अनुक्रमांक विचारला त्या दिवसापासून त्या माणसानं फोन उचलणं बंद केलं. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, पैसे अजून आलेले नाहीत. परवा तशीच जाहिरात दुसऱ्या नावानं आली: 'मुलींसाठी उत्तम, एकच शिल्लक'. फोटोत पोलचा बुंधा आहे, मधला भाग आहे, वरचं टोक नाही. टोकाचा फोटो पाठवा म्हणून मेसेज टाकला. बघितल्याच्या निळ्या खुणा आल्या आणि नंबर ब्लॉक झाला.