घोळणा फुटणारी व्हँपायर : ‘कारिन’चे चौदा खंड

परभणीच्या उन्हाळ्यात एखाद्या मुलाचा घोळणा फुटला, तर सहसा कोणी घाबरत नाही. टाळूवर गार पाणी थापावे, कांदा फोडून नाकाशी धरावा आणि सावलीत बसवावे, हे इथल्या घरोघरी ठाऊक असते. पण भर वर्गात, चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीच्या गणवेशावर तेच डाग पडले, तर रक्तापेक्षा तिला लाजेनेच जास्त घेरलेले असते. ‘कारिन’ या जपानी मांगामधला, म्हणजे चित्रकथेतला, विनोद आणि त्यातले प्रेम, दोन्ही या अवघडलेपणातूनच उगवतात. दहावीची परीक्षा देऊन सुट्टीला आलेल्या भाचीने, “मावशी, भुताखेताचं नाही, वाचून तर बघ,” असे म्हणत पहिला खंड हाती दिला, आणि पुढचे खंड मी तिच्याकडून स्वतःहून मागून घेतले.

युना कागेसाकी यांची ही मालिका ‘मंथली ड्रॅगन एज’ या जपानी मासिकात २००३ ते २००८ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली आणि १४ खंडांत पूर्ण झाली. टोकियोपॉप या प्रकाशनाने ती इंग्रजीत ‘चिबी व्हँपायर’ या नावाने आणली. ‘चिबी’ म्हणजे चिमुकली, ठेंगणी. नायिका कारिन माका ही जपानात राहणाऱ्या एका व्हँपायर कुटुंबातली मधली मुलगी. तिचे आईवडील, थोरला भाऊ रेन आणि धाकटी बहीण आंजू हे सारे रक्तपिपासू. कारिन मात्र दिवसाउजेडी शाळेत जाते, उपाहारगृहात नोकरी करते आणि तिच्या अंगात रक्त कमी पडण्याऐवजी वाढत राहते. दर महिन्याला ते इतके साठते की कोणाला तरी चावून त्याच्या अंगात सोडावे लागते, नाहीतर नाकातून धार लागते. दुःखी माणूस जवळ आला की तिचे रक्त उसळू लागते, आणि ती ज्याला चावते, तो उलट हुशार व उत्साही होतो.

दर महिन्याचे हे चक्र कशाकडे बोट दाखवते, हे कोणत्याही बाईला सांगावे लागणार नाही. आमच्या लहानपणी ‘कावळा शिवला’ म्हणून कोपऱ्यात बसवले जाई आणि त्याबद्दल मोठ्याने बोलणे वर्ज्य असे. कागेसाकी यांनी तीच लाज उचलून तिच्यावर धावपळीचा, पडझडीचा विनोद उभारला आहे, पण त्या मुलीला कुठेही अपराधी ठरवलेले नाही, आणि माझ्या मते या मालिकेची सर्वांत मोठी कमाई हीच आहे. कारिनच्या फजितीवर आपण हसतो. तिच्या शरीराची किळस मात्र एकदाही वाटत नाही. आतली पाने काळ्यापांढऱ्या छपाईची असल्यामुळे रक्ताची थारोळीसुद्धा शाई सांडल्यासारखी दिसतात, आणि प्रसंग भयाकडे न झुकता हास्याकडेच राहतो.

प्रेमकथा मला त्याहून अधिक आवडली. वर्गात नव्याने आलेला केंता उसुई रागीट डोळ्यांचा आहे, त्यामुळे लोक त्याला गुंड समजतात. प्रत्यक्षात तो आईबरोबर अत्यंत ओढगस्तीत राहणारा, नोकरी करून शिकणारा मुलगा आहे. तो दुःखी आहे, म्हणून तो जवळ आला की कारिनचे रक्त खवळते. त्याच्यापासून पळावे, की त्याचे दुःखच कमी करावे, या पेचातून ती त्याच्यासाठी डबा करून आणू लागते. परगावी शिकणाऱ्या मुलांचे डबे एसटीने पोहोचवणाऱ्या आमच्या भागात त्या डब्याचा अर्थ वेगळा समजावून द्यावा लागत नाही. गरिबीचे चित्रण इथे दयेसाठी केलेले नाही: पगार, भाडे आणि आईची वारंवार सुटणारी नोकरी यांचा हिशेब कथेत सतत चालू असतो, आणि म्हणूनच हे प्रेम खरे वाटते.

मांगा उजवीकडून डावीकडे वाचायची असते. छत्रपती संभाजीनगरच्या शहागंजात उर्दू पाट्या पाहत वाढलेल्यांना ही दिशा परकी वाटू नये. मला दोन प्रकरणांत सवय झाली. भाषा सोपी, संवाद छोटे. दहावीच्या इंग्रजीवर सहज निभावते.

उणिवा आहेत, आणि त्या पालकांनी जाणून घ्याव्यात. काही चित्रचौकटी या कोवळ्या मुलीच्या शरीरावर गरजेपेक्षा जास्त रेंगाळतात, आणि त्या पाहताना मला राग आला. रेन स्त्रियांशी जसा वागतो, ते विनोद म्हणून सोडून दिले आहे. तसे ते सोडायला नको होते. विनर नावाचा व्हँपायर शिकारी आल्यानंतर मधले काही भाग लांबलेही आहेत. त्यामुळे पंधरा वर्षांखालच्या मुलांच्या हाती मी हा संच देणार नाही, आणि त्यापुढच्या मुलामुलींबरोबर घरातल्या मोठ्यांनीही वाचावा असे सुचवेन.

शेवटाची उकल इथे करत नाही. एवढेच सांगते की हसवत आणलेली ही गोष्ट अखेरीस कारिनच्या घरच्यांकडे वळते, आणि मुलीची पाठवणी करणाऱ्या घराच्या मनात जे दाटून येते, ते शेवटच्या पानांत दाटून आलेले आहे. टोकियोपॉपने २०११ मध्ये अमेरिकेतले प्रकाशन थांबवल्यापासून या आवृत्तीचे खंड बहुधा जुन्या पुस्तकांतच शोधावे लागतात. भाचीला एका विक्रेत्याने ‘पूर्ण संच’ म्हणून १३ खंडच पाठवले होते आणि शेवटच्या खंडासाठी तिला चार महिने थांबावे लागले. संच घेताना १४वा खंड हातात घेऊन पाहावा आणि मगच पैसे द्यावेत.