ताई गाडीने, आम्ही लोकलने: भेटायचं कुठल्या स्टेशनवर?

‘अरे, नकाशात तुमचं स्टेशन माझ्या अगदी कडेला दाखवतंय. वळू कुठून?’ ताईचा फोन.

ताई खारघरहून मुंबई-पुणे एक्सप्रेसवेने येत होती. मी आणि आई शिवाजीनगरहून लोकलने येऊन मळवलीच्या बाकावर बसलो होतो. तिथून तिच्या गाडीने कार्ल्याला जायचं, एकवीरेची ओटी भरायची, असा बेत. कार्ल्याला जवळचं स्टेशन मळवली, एक्सप्रेसवेही स्टेशनच्या अंगावरूनच जातो, मग दुसरीकडे भेटायचं कशाला? हे डोकं माझंच. पण वळायला तिथे जागाच नाही. लोणावळ्याचा फाटा सुटला की पुण्याच्या दिशेने पुढचा उतार, म्हणजे बाहेर पडायची वाट, थेट उर्से टोलनाक्यापाशी. ताई तिथवर गेली आणि तळेगाव, वडगाव, कामशेत असं करत जुन्या हायवेने उलटी आली. तोवर आईच्या पिशवीतला हार मलूल झाला होता आणि मी करवंदांचे दोन द्रोण संपवले होते.

तेव्हा ज्यांची अर्धी माणसं पुण्याहून लोकलने आणि अर्धी मुंबईकडून गाडीने येतात, त्यांनी मावळातलं स्टेशन निवडताना नकाशावरचं अंतर बघू नये. गाडी कुठे उतरते ते बघावं. ९४.५ किलोमीटरचा एक्सप्रेसवे २००२ साली पूर्ण झाला तो मधे कुठे थांबायला लागू नये म्हणूनच. रेल्वेचं उलटं. पुणे-लोणावळा ६४ किलोमीटरमध्ये दोन्ही टोकं धरून सतरा स्टेशनं, म्हणजे दर चार किलोमीटरला एक. एक मार्ग गावं टाळणारा, दुसरा गावागावांत थांबणारा. दोघांची गाठ घालायची तर जागा मोजक्याच.

मळवलीचंच आधी सांगतो, कारण तिथेच सगळे फसतात. स्टेशन छोटं, बाहेर चार रिक्षा, मे महिन्यात पानाच्या द्रोणात करवंदं-जांभळं घेऊन बसलेल्या बायका. एका बाजूला इंद्रायणीपलीकडे जुना हायवे आणि कार्ल्याचा डोंगर, दुसऱ्या बाजूला भाजे, लोहगड, विसापूर. भाज्याच्या रस्त्यावर थोडं चाललं की एक पूल लागतो आणि पुलाखालून एक्सप्रेसवे वाहत असतो. गाड्यांचे नंबर वाचता येतील इतका जवळ, आणि तरी त्या गाडीतल्या माणसाला तुमच्यापर्यंत यायचं तर मघाचा तो सगळा वळसा. काही जण तिथेच कडेला गाडी थांबवून पाहुण्यांना उतरवतात. शंभरच्या वेगाने येणाऱ्या ट्रकसमोर म्हाताऱ्या माणसाला कठड्यावरून चढवणं हा शुद्ध वेडेपणा आहे, दंड होतो तो वेगळाच.

सगळेच लोकलने येणार असतील तर मात्र मळवलीसारखं स्टेशन नाही. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकापासूनची भाज्याची लेणी पायी अर्ध्या तासावर. पाठीला पिशवी लावून लोहगडला जाणाऱ्यांनी दुसरा विचारही करू नये. फक्त पावसाळ्यातल्या रविवारी संध्याकाळी परतीची लोकल लोणावळ्याहूनच भरून येते आणि मळवलीच्या माणसाला दारातली जागा मिळाली तरी खूप. आमच्या आईसारखं कुणी बरोबर असेल तर परत जाताना आधी लोणावळ्याला जा आणि तिथून सुटणाऱ्या गाडीत खिडकीशी बसा. तिकीट २० रुपयांच्या आत आहे, तेवढा उलटा प्रवास परवडतो.

कामशेतची गोष्ट थोडक्यात. एक्सप्रेसवे इथे बोगद्यातून जातो, उतार नाही. पवना धरणाकडे निघाला असाल आणि सगळी मंडळी पुण्याकडचीच असतील तर कामशेत बरं. बाजार स्टेशनला लागून आहे, भाजी-तांदूळ घेऊन पुढे जाता येतं. मुंबईच्या गाडीला तिथे बोलावू नका.

राहिली लोणावळा आणि तळेगाव, आणि खरी निवड या दोघांतच आहे.

मुंबईकडून येणाऱ्याला घाट चढून आलं की लोणावळ्याचा उतार आधी मिळतो. उर्से नाका लागतही नाही. शिवाय एखादा मामा ऐन वेळी ‘मी रेल्वेनेच येतो’ म्हणाला तरी तो लोणावळ्यालाच उतरणार. मुंबईची लोकल कर्जत-खोपोलीच्या पुढे येत नाही, आणि घाटासाठी कर्जतला मागून लावलेली इंजिनं लोणावळ्याला काढतात, त्यामुळे वर येणाऱ्या बहुतेक एक्सप्रेस तिथे थांबतातच. मळवलीला त्यांचं काही काम नाही. खोट एकच: स्टेशन ऐन गावात आहे. आठवड्याच्या मधल्या वारी हे काहीच नाही, पण जून ते सप्टेंबर शनिवार-रविवारी भुशी धरणाकडे निघालेल्या गाड्या आणि चिक्कीच्या दुकानांपुढे आडव्या लावलेल्या गाड्या यांच्यातून स्टेशन गाठणं म्हणजे दिवसाची माती.

तळेगावचं गणित निराळं. कार्ल्याला जायचं असेल तर मुंबईच्या गाडीने तळेगाव गाठणं म्हणजे पुढे जाऊन मागे येणं, जे ताईने केलं. पण ज्याला मुंबईहून येऊन पुण्यातच शिरायचंय, शिवाजीनगरला कोर्टात किंवा दवाखान्यात काम आहे आणि पुण्यात गाडी लावायच्या विचारानेच ज्याच्या पोटात गोळा येतो, त्याने तळेगावचा विचार जरूर करावा. उर्से नाक्याला उतरायचं, गाडी पैसे देऊन लावायची आणि लोकल धरायची. पुण्याहून काही लोकल तळेगावपर्यंतच धावतात, त्यामुळे इथे फेऱ्या लोणावळ्यापेक्षा जास्त. टोलमध्ये मात्र फारशी बचत धरू नका. १ एप्रिल २०२३ ला कारसाठी संपूर्ण एक्सप्रेसवेचा टोल ३२० रुपये झाला होता, आणि तळेगावपर्यंत आलात म्हणजे जवळजवळ सगळा रस्ता वापरलातच.

एक गोष्ट निघण्याआधी पाहाच: लोकलचं वेळापत्रक. सकाळ-संध्याकाळ गाड्या बऱ्या, भर दुपारी तुरळक. मावळातल्या माणसाला विचारा, दुपारच्या लोकलचा विषय काढला की तो चहा पाजून तुम्हाला अर्धा तास ऐकवेल. त्यामुळे गाडीवाल्याला ‘बारापर्यंत ये’ असं मोघम सांगू नका. लोकल किती वाजता पोचते ते सांगा आणि त्यात घाटातल्या कोंडीसाठी पाऊण तास धरा.

आणि कुणी दुचाकीवर येत असेल तर वरचं सगळं विसरा. एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे. जुन्या हायवेने येणाऱ्याला कामशेत वाटेतच लागतं आणि मळवली कार्ला फाट्यावरून आत वळलं की आलीच. माझा भाचा त्या दिवशी पनवेलहून मोटारसायकलने आला होता. घाट चढून, फाट्यावर वडापाव खाऊन, ताईच्या गाडीच्या तासभर आधी तो आमच्या बाकावर येऊन बसला.

पुढच्या वेळी मधला वार होता, म्हणून लोणावळ्यालाच भेटलो. शनिवार असता तर मी आणि आई मळवलीला उतरून रिक्षाने कार्ला फाट्याला गेलो असतो आणि ताईला लोणावळ्याचा उतार घेऊन गावात न शिरता जुन्या हायवेने तिथेच बोलावलं असतं. लोणावळ्याला लोकल पोचली तेव्हा ताई फलाटावरच्या पुलाखाली उभी होती. आईने आधी तिच्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, आणि पिशवीतला हार बाहेर काढून हुंगला. ‘ताजा आहे गं,’ म्हणाली.