टार्मॅक एसएल८ की एथॉस? हलक्या रेसिंग सायकलींची निवड

स्पेशलाइज्ड या सायकल कंपनीच्या एस-वर्क्स या सर्वांत वरच्या श्रेणीतल्या टार्मॅक एसएल८ आणि एथॉस या दोन्ही सायकली इतक्या हलक्या आहेत, की केवळ वजनकाट्यावर त्यांच्यात निवड करण्यात आता फारसा अर्थ उरलेला नाही. २०२० साली आलेल्या पहिल्या एथॉसची फ्रेम कंपनीच्या आकड्यांनुसार ५८५ ग्रॅम भरते, तर २०२३ च्या टार्मॅकची ६८५ ग्रॅम. स्वार आणि सायकल मिळून ७८ किलो धरले, तर तासाभराच्या खड्या चढणीवर हे शंभर ग्रॅम जेमतेम चार-पाच सेकंदांचा फरक पाडतात. शिवाय यूसीआय या आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाच्या नियमानुसार स्पर्धेतली सायकल ६.८ किलोंपेक्षा हलकी चालत नाही. त्यामुळे एथॉसचे खरे बलस्थान शर्यतीत वापरताच येत नाही.

सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटर वेगाने जाताना स्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यातच खर्च होते आणि तिथे टार्मॅकचा निमुळता पुढचा भाग एथॉसच्या फ्रेमच्या गोल नळ्यांपेक्षा निःसंशय सरस ठरतो. शर्यतीत उतरणाऱ्याने म्हणूनच टार्मॅक घ्यावी.

मात्र देखभालीचा प्रश्न सहसा पैसे मोजून झाल्यावर समोर येतो, आणि माझ्या मते तो वजनापेक्षा कितीतरी महत्त्वाचा आहे. टार्मॅकच्या ब्रेकच्या तेलाच्या नळ्या हेडसेटमधून, म्हणजे हँडल फिरते त्या बेअरिंगच्या जोडातून, फ्रेममध्ये शिरतात. त्यामुळे वरचे बेअरिंग बदलण्याइतक्या साध्या कामासाठीही नळी सोडवून, पुन्हा जोडून, ब्रेकमधली हवा काढण्याची वेळ येऊ शकते. हँडलबार आणि त्याला फ्रेमच्या पुढच्या भागाशी जोडणारा स्टेम एकसंध असल्याने स्टेम एक सेंटिमीटरने आखूड हवा असेल, तर तो महागडा भाग अख्खाच बदलावा लागतो. पहिल्या एथॉसमध्ये हे दोन्ही भाग सुटे आहेत आणि नळ्या हेडसेटला वळसा घालून बाहेरून येतात, त्यामुळे घरी दुरुस्ती करणाऱ्याला ती फार सोयीची पडते.

चढणीची आवड असलेल्या, पण स्पर्धेत न उतरणाऱ्या स्वाराला मी एथॉसच सुचवेन. टार्मॅक घ्यायचीच असेल, तर मागणी नोंदवण्यापूर्वी जाणकाराकडून बसण्याची मापे काढून घ्यावीत आणि हँडलबारची रुंदी व स्टेमची लांबी विक्रेत्याकडून लेखी ठरवून घ्यावी.