आधी स्वतःवर काम, की आधी ओमाहा?

तीन पत्ती लहानपणापासून येते, टेक्सास होल्डम हा पोकर मोबाइलवर शिकून झाला, आणि आता पोकरचाच चार पत्त्यांचा प्रकार, ओमाहा, शिकायचा आहे. असे पोट्टे आता आर्वी-पुलगावपासून दर्यापूर-अंजनगावपर्यंत विदर्भातल्या कुठल्याही गावात भेटतात. त्याच पोट्ट्यांनी यंदा पहाटे धावायचं, खर्रा (सुपारी-तंबाखूचं घोटलेलं मिश्रण) सोडायचा, रागाला आवर घालायचा, इंग्रजी धड करायचं असंही मनावर घेतलेलं असतं. दोन्ही इच्छा खऱ्या असतात. पण वावरातून घरी येऊन, गुरांचं वैरण-पाणी आणि जेवण आटोपलं की हाती उरतो तो रात्रीचा तास-दीड तास. तो कशाला द्यायचा?

माझं मत आधीच सांगतो. दोन्ही सोबत चालू शकतं, पण सरसकट नाही. स्वतःत करायच्या काही सुधारणा या खेळाशी छान जुळतात, काहींशी त्याचं उभं वैर आहे. आपली सुधारणा कोणत्या बाजूची आहे हे ओळखलं की निर्णय बराचसा सोपा होतो.

ओमाहा मागतो काय

होल्डम येतो म्हणजे ओमाहा आठवडाभरात जमेल, असं वाटतं. नियमांपुरतं ते खरंही आहे. टेबलावर तेच पाच उघडे पत्ते, लावायच्या त्याच चार फेऱ्या, कोणता हात कोणावर भारी याची तीच उतरंड. फरक दोनच. हातात दोनऐवजी चार पत्ते येतात आणि त्यातले नेमके दोनच वापरायचे, टेबलावरचे नेमके तीन. कमी नाही, जास्त नाही.

हा ‘नेमके दोन’चा नियम अंगवळणी पडेपर्यंत भलेभले फसतात. समजा तुमच्या हातात इस्पिकचा एक्का, बदामचा राजा, बदामची राणी आणि किलवरची नव्वी आहे. टेबलावर इस्पिकची दुर्री, सत्ती, दश्शी, गुलाम आणि सोबत चौकटची पंजी. होल्डमची सवय असलेला डोळा लगेच सांगतो, चार इस्पिक टेबलावर आणि एक्का आपल्याकडे, फ्लश (एकाच चिन्हाचे पाच पत्ते) झाला. ओमाहात तो झालेला नाही. हातातले दोन इस्पिक लागतात आणि तुमच्याकडे एकच आहे. राजा-राणीला टेबलावरचा गुलाम आणि दश्शी जोडून पाहा, स्ट्रेटला (ओळीनं पाच पत्ते) पाचवा पत्ता सापडत नाही. जोडीसुद्धा नाही. एवढ्या देखण्या हातातून निघतो तो फक्त एक्का हाय, म्हणजे नुसता एक मोठा पत्ता. बाजेवर चार जण बसवून हाच डाव मांडून दाखवा, निदान एक जण तरी फ्लश म्हणून पत्ते आपटेल.

आता आकडे. होल्डममध्ये सुरुवातीचे दोन पत्ते १,३२६ प्रकारांनी येऊ शकतात. ओमाहात चार पत्ते २,७०,७२५ प्रकारांनी. प्रत्येक हातात दोन-दोनच्या सहा जोड्या दडलेल्या असतात आणि त्या एकमेकींना साथ देतात की नाही, हे पाहावं लागतं. होल्डममध्ये दोन एक्के आले, तर कुठल्याही एका अनोळखी हातासमोर ते साधारण ८५ टक्के वेळा जिंकतात. ओमाहात चारांतले दोन एक्के तेवढी खात्री देत नाहीत. तिथे हात एकमेकांच्या फार जवळ असतात, आणि शेवटच्या पत्त्यावर डाव फिरणं नेहमीचंच.

शिवाय ओमाहा बहुतेक ठिकाणी पॉट-लिमिटनं खेळतात, म्हणजे एका वेळी पॉटमध्ये (मधोमध जमलेल्या ढिगात) असेल तेवढंच वाढवता येतं. पॉटमध्ये १०० चिंचोके आहेत आणि समोरच्यानं ५० टाकले, तर तुम्ही जास्तीत जास्त किती टाकू शकता? आधी त्याचे ५० भरा, पॉट होतो २००. आता वर आणखी २०० वाढवता येतात. एकूण २५०. हा हिशेब डोक्यातल्या डोक्यात, बोलता बोलता जमला पाहिजे. बाजारात तूर विकताना वजन, कटती आणि भाव एका दमात जुळवणाऱ्याला तो लवकर जमतो, हे मी पाहिलेलं आहे.

म्हणजे ओमाहा मागतो डोक्याचा ताजेपणा, धीर आणि भरपूर डाव. नुसती हौस पुरत नाही.

कोण खरं बोलतं

मला सगळ्यात मोठा फरक इथे दिसतो, आणि याच ठिकाणी मंडळी गफलत करतात.

पोलीस भरतीची तयारी करणारा मुलगा १,६०० मीटर धावतो, मुलगी ८००. घड्याळ जे सांगतं ते खरं असतं. महिनाभर नेमानं धावलात तर वेळ कमी होतो, आळस केलात तर वाढतो. व्यायाम, पाठांतर, इंग्रजीतले उतारे वाचणं, यांचं उत्तर उशिरा येतं पण सरळ येतं.

पोकर लगेच उत्तर देतो, आणि ते उत्तर पुष्कळदा दिशाभूल करणारं असतं. होल्डममध्ये दोन एक्के समोरच्या दोन राजांना पाचातून जवळपास एकदा हरतात. म्हणून एक्के लावणं चूक होत नाही. उलट पडेल पत्त्यावर सगळं लावून जिंकलात, म्हणून ते शहाणपण होत नाही. कास्तकाराला हे समजावून सांगायला नको. ओल पाहून, बीजप्रक्रिया करून पेरलं आणि नंतर पावसानं दडी मारली, तर पेरणी चुकीची नव्हती. आणि कुणाची धूळपेरणी एखाद्या वर्षी साधली, म्हणून दरवर्षी धुळीत बी टाकायचं नसतं.

नशिबाची धूळ खाली बसायला किती डाव लागतात, याचा अंदाज एका प्रयोगावरून येतो. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठानं तयार केलेल्या लिब्रेटस या संगणक-प्रणालीनं २०१७ मध्ये चार नाणावलेल्या खेळाडूंना दोघांच्या होल्डममध्ये हरवलं. तो सामना १,२०,००० डावांचा ठेवला होता, कारण थोड्या डावांत कोण सरस हे ठरवता येत नाही. आपण बाजेवर बसून रात्रीचे चाळीस-पन्नास डाव खेळतो. त्यातल्या हारजितीवरून ‘आपल्याला जमतंय’ किंवा ‘आपल्याला जमत नाही’ ठरवणं म्हणजे स्वतःवर अन्याय आहे.

म्हणून ज्याचा आत्मविश्वास सध्या डळमळलेला आहे, नापास होऊन किंवा नोकरी हुकून जो घरी बसला आहे, त्यानं आधी सरळ उत्तर देणारी गोष्ट धरावी. धावणं धरा, अभ्यासिकेत रोज ठराविक वेळ बसणं धरा. कष्ट केले की फळ दिसतं, हा अनुभव त्याला आधी मिळायला हवा. ओमाहा त्याला तो देणार नाही.

काय जुळतं, काय जुळत नाही

राग जुळतो. डाव हातातून गेल्यावर डोकं तापून पुढचे चार डाव वेड्यासारखे खेळण्याला पोकरमध्ये टिल्ट म्हणतात, आणि ओमाहात त्याची संधी पावलोपावली मिळते. ज्याला खरोखर रागावर काम करायचं आहे, त्याला चिंचोक्यांचा ओमाहा म्हणजे दर दहा मिनिटांनी सराव. हरलेल्या डावानंतर एक डाव सोडून द्यायचा, उठून माठातलं पाणी प्यायचं, मग बसायचं. एवढा एक नियम पाळता आला तरी बांधाच्या भांडणात तो उपयोगी पडतो.

हिशेब आणि नोंद जुळते. एका वहीत डावीकडे लिहा, काय ठरवलं आणि का. उजवीकडे काय झालं. डावी बाजू निकाल लागायच्या आधी सुचलेली असली पाहिजे, नाहीतर माणूस निकाल पाहून कारणं जुळवतो. त्याच वहीच्या मागच्या पानांवर धावणं, वाचन, खर्च. इंग्रजीही जुळतं, कारण ओमाहावरचं चांगलं लिखाण आणि व्हिडिओ बहुतेक इंग्रजीत आहेत, आणि आवडीच्या विषयातलं इंग्रजी डोक्यात लवकर बसतं.

खर्रा मात्र अजिबात जुळत नाही. आमच्याकडे पत्त्यांची बैठक आणि खर्रा एकाच सतरंजीवर बसतात. पानठेल्यावरून घोटलेली पन्नी आली नाही असा डाव क्वचितच. तंबाखू सोडल्यावर तलफ सगळ्यात जास्त असते ती पहिल्या काही दिवसांत आणि आठवड्यांत, आणि ओळखीची जागा, ओळखीची संगत मिळाली की ती उसळते. ज्यानं खर्रा सोडायचं ठरवलं आहे, त्यानं सुरुवातीचे काही महिने पत्त्यांपासून दूर राहावं, ओमाहा कितीही खुणावू दे. तोंडाचा कर्करोग आपल्या गावांनी पुरेसा पाहिला आहे. इथे मी तडजोड सुचवणार नाही.

झोपेशीही खेळ भांडतो. रात्री साडेअकरापर्यंत डाव चालला की पहाटे पाचचं धावणं गेलंच. आणि रब्बीत हरभऱ्याला-गव्हाला ओलित असतं, आठवड्यातले काही दिवस शेतीची लाइट रात्रीची असते, तेव्हा तर उरलेली झोप जपणं हीच मोठी सुधारणा.

पैसा लावून शिकणार असाल तर

मग उत्तर साफ आहे, शिकू नका. संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे, मग खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा. असे खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, बँकांना त्यासाठी पैसे वळते करायला मनाई आहे. कायद्याचा रोख खेळणाऱ्यावर नाही, पण भलत्या मार्गानं चालणाऱ्या ॲपमध्ये अडकलेला पैसा मागायला जायचं कुणाकडे? गावातल्या पैशाच्या डावावर पोलिसांची धाड पडते ती १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली. पोळ्याच्या दिवसांत ‘आजचा दिवस चालतं’ म्हणतात, पण सणाला कायद्यात सूट नाही.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी, सोयाबीनच्या चुकाऱ्यातला किंवा पीककर्जातला एक रुपयाही शिकायच्या खेळात जाऊ नये. शिकाऊ माणूस हरतोच. चिंचोके किंवा फुकट चिप्सचं ॲप शिकण्याला पूर्ण पुरतं. हातातले दोनच पत्ते मोजायची सवय चिंचोक्यांवरही तशीच लागते.

वर्षात बसवायचं कुठे

कापूस-सोयाबीनच्या कोरडवाहू पट्ट्यात जून-जुलैत पेरणी, मग डवरणी, निंदण, फवारणी. पोळा-गणपती होतात न होतात तोच सोयाबीनची काढणी येते आणि त्यामागून कापसाची वेचणी. या दिवसांत नवीन खेळ अंगावर घेऊ नका. धावणं, वाचन यांतलं जे काही चालू असेल ते कमी करून टिकवा, बंद मात्र करू नका.

मार्च ते मे हा काळ ओमाहासाठी चांगला. दुपारी पारा वाढत वाढत ४४-४५ ला टेकतो, बारा ते चार कुणी बाहेर पडत नाही. पहाट धावण्याला, दुपार पत्त्यांना, रात्र झोपेला. असं लावलं तर एकाचा तास दुसऱ्याच्या अंगावर येत नाही. वरुड-मोर्शीच्या संत्रेवाल्यांना हे लागू नाही. आंबिया बहार असेल तर उन्हाळाभर पाण्यामागे धावावं लागतं. भंडारा-गोंदियात उन्हाळी धान घेणाऱ्यांचंही तसंच. त्यांनी आपापला मोकळा महिना शोधावा.

ज्यांच्या गावात गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना चालते, त्यांच्यासाठी एक सोय आयतीच आहे. तुकडोजी महाराजांनी लावलेली पहाटेच्या ध्यानाची आणि सायंप्रार्थनेची शिस्त दिवसाला दोन पक्के खुंटे देते. पत्ते त्या दोहोंच्या मध्ये बसले पाहिजेत. प्रार्थना चुकवून डाव मांडायची वेळ आली, तर खेळ हाताबाहेर जातोय हे घरच्यांच्या आधी तुम्हाला कळेल.

मग कुणी काय करावं

भरती किंवा स्पर्धा परीक्षेची तारीख लागली असेल तर ओमाहा परीक्षेनंतर. खर्रा, दारू, कर्ज यांपैकी काही सोडवायचं असेल तर आधी तेच, आणि तोपर्यंत पत्ते कपाटात. पैशाच्या डावाची ओढ आधीपासून असेल तर नवा प्रकार शिकूच नका. नवा खेळ म्हणजे त्या ओढीला नवी वाट.

काम रुळलेलं आहे, झोप ठीक आहे, राग किंवा आळस एवढाच शत्रू आहे, अशांनी खुशाल दोन्ही सोबत करावं. सुरुवात पत्ते उघडे ठेवून करा. चौघांचे चारही पत्ते सगळ्यांसमोर, आणि प्रत्येक फेरीला ज्यानं-त्यानं आपला खरा हात मोठ्यानं सांगायचा. ‘नेमके दोन’ डोळ्यात बसेपर्यंत लावालावी नको. मग पॉट-लिमिटचा हिशेब, मग पत्ते झाकून. पाच पत्त्यांचा ओमाहाही निघाला आहे. त्यात सुरुवातीचे हात २५,९८,९६० होतात. चार पत्त्यांवर वहीचं एक पूर्ण हंगामाचं लिखाण झाल्याशिवाय त्याला हात लावू नका.