ई-बाईकची बॅटरी: बर्फातला सल्ला ठाण्यात किती चालतो?

ई-बाईक घ्यायची म्हटलं की आपण आधी मोबाईलवर रिव्ह्यू बघतो, आणि त्यातले बरेचसे बर्फाळ देशांतले असतात. ‘एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी घेऊ नका, थंडीत मान टाकते’ हे तिथे अगदी खरं. घोडबंदर रोडला राहणाऱ्याचा हिशोब मात्र जवळजवळ उलटा आहे.

गारठ्यात लिथियम बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते. उणे दहाच्या आसपास रेंज पाव भागाने घटली तर नवल नाही. बॅटरी उबेत आली की ती परतही येते. कायमचं नुकसान होतं ते शून्याखाली चार्जिंग केल्याने. लिथियम इलेक्ट्रोडच्या आत शिरण्याऐवजी त्यावर धातूचा थर होऊन साचतं. म्हणून तिकडचे लोक बॅटरी घरात आणतात, ती खोलीच्या तापमानाला आली की मगच चार्जर लावतात. अशा थंडीत एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) ही दुसऱ्या प्रकारची लिथियम बॅटरी एलएफपीपेक्षा जास्त तग धरते. लेह-मनालीला राहणाऱ्यानेही एनएमसीच बघावी.

ठाणे-नवी मुंबईत बॅटरीला खातं ते ऊन. ही झीज हळूहळू होते, रोजच्या वापरात जाणवत नाही आणि भरूनही निघत नाही. सकाळी शंभर टक्के चार्ज करून गाडी मे महिन्यात दिवसभर स्टेशनबाहेर उघड्यावर लावणं, याइतकं वाईट दुसरं काही नाही. इथे एलएफपी सरस ठरते: उष्णता जास्त सोसते, चार्जिंगची आवर्तनंही साधारणपणे एनएमसीच्या दुपटीने देते. उणी बाजू म्हणजे तेवढ्याच रेंजला ती जड आणि मोठी असते. त्यामुळे ई-सायकलमध्ये बहुतेक एनएमसीच मिळते. ती घेतलीत तर सावलीत लावा, घरी आल्या आल्या चार्जिंगला न लावता आधी निवू द्या आणि रोज ऐंशी टक्क्यांवर थांबा.

माझ्या मते ठाण्यात याहून मोठा प्रश्न चार्जिंग कुठे करायचं हा आहे. नौपाड्यातल्या लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत असाल आणि खाली प्लग नसेल, तर फिक्स, म्हणजे काढता न येणाऱ्या बॅटरीची स्कूटर कितीही चांगली असली तरी घेऊ नका. ई-सायकलची दोन-तीन किलोची बॅटरी भाजीच्या पिशवीबरोबर सहज वर जाते. स्कूटरची मात्र दहा किलोच्या आसपास असते. दिवसभराच्या नोकरीनंतर ती जिन्याने चढवायची आहे, हे दुकानातच एकदा उचलून बघा. खारघर, कोलशेतच्या नव्या सोसायट्यांत पार्किंगला प्लग मिळत असेल तर फिक्स बॅटरी बिनधास्त घ्या.

पावसासाठी बॅटरीवर आयपी ६७ लिहिलेलं हवं, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याची चाचणी. तरी तुंबलेल्या पाण्यात गाडी घालू नका, कनेक्टर आणि चाकातल्या हब मोटरला तेवढं संरक्षण असेलच असं नाही.

२५० वॉटपर्यंतची, ताशी २५ किलोमीटरच्या आतली ई-सायकल लायसन्स-नोंदणीशिवाय चालते. वाशीच्या सेक्टरांमधल्या आतल्या रस्त्यांना ती उत्तम. पाम बीच रोडच्या वेगात मात्र मी तिची शिफारस करणार नाही. रोज बेलापूर गाठायचं असेल तर एलएफपीची नोंदणीकृत स्कूटर बघा आणि बॅटरीचा प्रकार वॉरंटी कार्डावर लिहून घ्या.